पुरुष हंसांचे तळे : मॅथ्यू बोर्नने ‘स्वान लेक’ नव्याने कसे रचले

ब्रिटिश नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बोर्नच्या ‘स्वान लेक’ या बॅलेबद्दल सगळ्यात आधी जे कानावर येते ते एकच : यात हंस पुरुष आहेत. ते खरे आहे, पण तेवढ्यावरून डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा चुकते. आपल्याकडे बालगंधर्वांमुळे स्त्रीपार्ट ओळखीचा. त्यामुळे पुरुषांनी पांढरे झगे घालून नर्तिकांची पावले टाकली असतील, असे सहज वाटते. बोर्नचे नर्तक स्त्री होत नाहीत, ते पक्षी होतात. आणि पक्षी असा बदलला म्हटल्यावर गोष्ट, पावले, कपडे, पायाचे जमिनीशी असलेले नाते, सगळेच पुन्हा बांधावे लागले. संगीत मात्र मूळ रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचेच राहिले. ही बांधणी नेमकी कशी झाली, ते पाहू.

जुनी गोष्ट

राजपुत्र झीगफ्रीड वयात आला आहे. राणी, म्हणजे त्याची आई, सांगते : उद्याच्या समारंभात नवरी निवड. तो जीव रमेना म्हणून रात्री धनुष्य घेऊन तळ्यावर जातो. तिथे ओडेट भेटते. रॉथबार्ट नावाच्या मांत्रिकाच्या शापाने ती दिवसा हंस असते आणि रात्री माणूस. आजवर कुणालाही प्रेमाचे वचन न दिलेल्या माणसाने तिला ते दिले, तरच शाप सुटेल. राजपुत्र वचन देतो. दुसऱ्या दिवशी समारंभात रॉथबार्ट आपल्या मुलीला, ओडीलला, हुबेहूब ओडेटसारखी करून आणतो. राजपुत्र फसतो आणि तेच वचन ओडीलला देऊन बसतो. शेवटी ओडेट आणि तो तळ्यात जीव देतात.

ओडेट आणि ओडील या दोन्ही भूमिका एकच नर्तिका करते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘मूळ’ स्वान लेक म्हणजे कोणते, हेही इथेच सांगायला हवे. ४ मार्च १८७७ रोजी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला; नृत्यरचना युलियस राइझिंगरची होती. आज जगभर जे पारंपरिक म्हणून दाखवतात ते बहुतांशी त्याच्या पुढचे आहे. २७ जानेवारी १८९५ला सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात मारिउस पेटिपा आणि लेव्ह इव्हानॉव्ह यांनी ते नव्याने बसवले. राजवाड्याचे अंक पेटिपाचे, तळ्याकाठचे इव्हानॉव्हचे. चायकोव्हस्की तोवर वारला होता. संगीतकार रिकार्दो द्रिगोने स्वरलिपीत काटछाट केली, चायकोव्हस्कीचे पियानोचे तीन तुकडे वाद्यवृंदासाठी लिहून आत घातले. पहिल्या अंकातले युगुलनृत्याचे संगीत उचलून तिसऱ्या अंकात ठेवले गेले, आणि आज आपण ते ‘काळ्या हंसा’चे संगीत म्हणून ओळखतो. म्हणजे परंपरा म्हणून जे हाती येते तेच मुळात एक पुनर्रचना आहे. बोर्नने परंपरा मोडली असे म्हणण्याआधी एवढे ध्यानात असलेले बरे.

१९९५चा राजवाडा

बोर्नचा जन्म १९६० सालचा, लंडनचा. नाचाचे रीतसर शिक्षण त्याने सुरू केले ते २२व्या वर्षी, लाबान सेंटरमध्ये. बॅले नर्तकांची तालीम आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होते, हे पाहता हे वय फार उशिराचे. पण त्यामुळे पावलांपेक्षा प्रसंग आणि माणसे त्याला आधी दिसत असावीत, असे त्याचे काम पाहून वाटते. ‘ॲडव्हेंचर्स इन मोशन पिक्चर्स’ या त्याच्या छोट्या मंडळीने ९ नोव्हेंबर १९९५ रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात ‘स्वान लेक’ उभे केले. हंस होता ॲडम कूपर, त्या वेळी रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक. राजपुत्र स्कॉट ॲम्बलर, राणी फिओना चॅडविक. नेपथ्य आणि वेशभूषा लेझ ब्रदरस्टनची.

बोर्नने राजवाडा परीकथेतून काढून थेट ब्रिटिश राजघराण्याच्या आसपास आणला. राजपुत्राला नोकर उठवतात, दात घासून देतात, कपडे चढवतात. मग फिती कापणे, पुतळ्याचे अनावरण, हात हलवणे. चाकांवर फिरणारा एक खोटा कॉर्गी कुत्राही मागे असतो. राणी सगळ्यांकडे बघून हसते, मुलाला मात्र जवळ घेत नाही. जुन्या गोष्टीत मांत्रिकाने शाप दिला होता. इथे कुणी जवळ न घेणे हाच शाप. मांत्रिकाची जागा राजवाड्याच्या खासगी सचिवाने घेतली आहे.

काळही पाहा. चार्ल्स आणि डायना वेगळे झाल्याची घोषणा डिसेंबर १९९२ची. डायनाची बीबीसीवरची गाजलेली मुलाखत २० नोव्हेंबर १९९५ची, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर अकरा दिवसांनी. राजवाड्यात घुसमटलेला माणूस समजायला लंडनच्या प्रेक्षकांना शापबिप समजावून सांगायची गरज नव्हती.

या राजपुत्राला एक मैत्रीण मिळते. ती राजघराण्याच्या रीतीत बसत नाही, ऑपेरा हाउसच्या शाही कक्षात बसल्यावर तर मुळीच नाही. (त्या प्रवेशात समोर जे जुन्या धाटणीचे बॅले चालते तेही बोर्ननेच रचलेले आहे, आणि जुन्या बॅलेवरचे त्याचे प्रेम त्या थट्टेतही लपत नाही.) मग एका बारमधून राजपुत्राला बाहेर फेकतात. तो चिठ्ठी लिहून बागेतल्या तळ्यात जीव द्यायला जातो. इथे ती सर्वांच्या ओळखीची धून सुरू होते : हार्प आणि थरथरत्या तंतुवाद्यांवर एकटा ओबो, म्हणजे सनईसारखे एक फुंकवाद्य, बी मायनर या उदास स्वरसप्तकात. आणि हंस येतो.

हंसाचे शरीर

आपल्या भाषेत हंस म्हटला की नीरक्षीरविवेक, शुभ्रपणा, संथ चाल. युरोपच्या तळ्यांवरचा खरा नर हंस वेगळा असतो. त्याचे वजन १० किलोच्या वर जाते, पंखांचा पसारा दोन मीटरहून जास्त असतो, आणि घरट्याजवळ कुणी गेले तर तो फुत्कारत, पंख आपटत अंगावर येतो. बोर्नला हा पक्षी हवा होता.

पारंपरिक ओडेटचे सगळे तंत्र वजन लपवण्यासाठी आहे. पॉइंट शूजच्या टोकाला कापड आणि डिंकाचे थर चिकटवून केलेला कडक डबा असतो. त्यावर बोटांच्या टोकांनी उभे राहिले की पाय लांब दिसतो आणि जमिनीला जेमतेम टेकतो. मांड्या खुब्यापासून बाहेर वळवलेल्या असतात, याला टर्नआउट म्हणतात. भरतनाट्यमची अरमंडी ज्यांनी केली आहे त्यांना हे वळण ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की अरमंडीत शरीर खाली बसते आणि बॅलेत तेच वळण घेऊन वर चढते. हात मनगटापासून पिसासारखे मिटतात-उलगडतात.

हीच पावले उंच, दणकट पुरुषांना दिली असती तर दोन गोष्टी बिघडल्या असत्या. एक म्हणजे प्रेक्षक हसले असते, कारण नजर पक्ष्याऐवजी नकलेवर गेली असती. दुसरे म्हणजे पुरुष नर्तकाची खरी ताकद, मांडीचा जोर आणि उडी, वाया गेली असती. म्हणून बोर्नने सगळा भार जमिनीकडे पाठवला. पाय अनवाणी. गुडघे खोल वाकलेले. उडी मोठी, आणि उतरताना थाप ऐकू येते. पारंपरिक बॅलेत आवाज न करता उतरणे ही शिस्त. इथे तोच आवाज कळपाचा दरारा होतो. नर्तकांचा श्वास ऐकू येतो, फुत्कारही येतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे.

हातांची रचना सगळ्यात देखणी आहे. एक हात डोक्यावरून वळसा घेऊन कोपरात वाकतो, पंजा खाली झुकतो : ती मान आणि चोच. कधी दोन्ही हात डोक्याभोवती गुंडाळले जातात, जसा पक्षी पंखात डोके खुपसून झोपतो. पंख उघडतात ते मनगटापासून न उघडता पाठीच्या मधून, खांद्याच्या पात्यांपासून उघडतात. यासाठीच अंग कमरेच्या वर उघडे ठेवले आहे. पाठीचे स्नायू दिसले नाहीत तर हा पंख दिसत नाही.

ब्रदरस्टनची विजार गुडघ्यापर्यंत येते आणि तिच्यावर दाट झालरी आहेत. उडी मारली की त्या फुलतात, उतरले की पायावर बसतात. नर्तिकेच्या कडक, आडव्या पसरलेल्या झग्यात, म्हणजे टूटूत, पिसे स्थिर असतात. इथे पिसे हालचालीनंतर क्षणभर हलत राहतात. केस अगदी बारीक, अंगावर पांढरा रंग, कपाळावरून नाकाकडे उतरणारा काळा पट्टा. त्या एका पट्ट्याने चेहऱ्याची चोच होते.

याची किंमत शरीराला मोजावी लागते. अनवाणी गिरकीत तळव्याची कातडी सोलते. फरशी फार कोरडी असेल तर पाय अडकून गुडघा पिळतो, घामाने ओली झाली तर घसरतो. पारंपरिक हंसांचा त्रास निराळा : मुख्य जोडी नाचत असताना बाजूच्या रांगांतल्या वीस-चोवीस नर्तिकांना एका पायावर भार देऊन मिनिटामागून मिनिटे स्तब्ध उभे राहावे लागते, आणि त्यात पोटरीला गोळे येतात. लगेच पुढच्या सुरावर धावायचे असते. अनुभवी नर्तिका बाहेरून न दिसेल अशा बेताने बुटाच्या आत बोटे हलवत राहतात.

चार पिल्ले

दोन्ही पद्धतींतला फरक दीड मिनिटात पाहायचा असेल तर चार छोट्या हंसांचा नाच पाहा.

इव्हानॉव्हच्या रचनेत चार नर्तिका हात पुढे फुलीसारखे घालून एकमेकींचे हात धरतात आणि आडव्या एका ओळीत सरकतात. पा द शा, म्हणजे मांजरासारखी छोटी आडवी उडी, इथे सलग १६ वेळा येते. माना एकाच क्षणी वळतात. हात अडकलेले असल्याने तोल सावरायला हात नाही. एकीची उडी जरा उंच गेली की शेजारणीचा खांदा ओढला जातो आणि धक्का पूर्ण ओळीत जातो. म्हणून या नाचासाठी आधी उंची जुळवतात, मग उडीची उंची. तालमीत मात्रांइतकेच लक्ष कुणी कुणाला ओढू नये याकडे असते.

बोर्नच्या पिल्लांचे हात सुटे आहेत. ती गुडघ्यात वाकलेली, जड पावलांची, माना पुढे-मागे झटकणारी, अजून उडता न येणारी आहेत. तेच संगीत, तेच चौघे, पण इथे अचूकपणा वेगळ्या ठिकाणी आहे : प्रत्येकाचा भार खाली असताना चौघांचा ठेका एकाच क्षणी पडायला हवा. खाली वाकलेल्या गुडघ्यातून पुन्हा वर यायला क्षणभर जास्त लागतो, त्यामुळे ताल मागे पडण्याची भीती सतत असते. लोक या नाचाला हसतात, आणि ते हसू बोर्नला हवे आहे. पारंपरिक नाच पाहून मात्र थक्क होऊन टाळ्या पडतात.

कोण कुणाला उचलतो

दुसऱ्या अंकातले मुख्य युगुलनृत्य एका व्हायोलिनवर सुरू होते, पुढे चेलो येऊन मिळतो. चायकोव्हस्कीने ही चाल आपल्याच एका नष्ट केलेल्या ऑपेरातून, ‘उंदिना’तून, इथे आणली. पारंपरिक रचनेत कामाची वाटणी ठरलेली : ती टोकावर तोल धरते, तो कमरेला धरून तिला फिरवतो आणि उचलतो. तो आधार, ती चित्र.

दोन पुरुष आल्यावर ही वाटणी उरत नाही. दोघांचे वजन जवळपास सारखे. त्यामुळे उचलण्याऐवजी भार वाटून घेणे सुरू होते : एक टेकतो, दुसरा पाठ देतो, एकाच्या धावेचा वेग दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो. आणि गोष्टीलाही तेच हवे होते, कारण इथे हंस राजपुत्राला उचलून घेतो. ज्याला आईने कधी कवेत घेतले नाही, त्याला एक रानटी पक्षी पंखात घेतो. घामाने भिजलेल्या उघड्या अंगावर बोटांची पकड टिकत नाही. म्हणून अशा नाचात मुठीने धरण्यापेक्षा दंड, पाठ, मांडी यांवर सपाट भार टाकून उचलावे लागते. क्षण चुकला तर दोघेही पडतात.

याला ‘समलिंगी स्वान लेक’ असे नाव अनेकदा दिले जाते. ती ओढ त्यात नक्कीच आहे आणि ती लपवलेली नाही. सुरुवातीच्या प्रयोगांतून काही प्रेक्षक उठून गेल्याचे बोर्नने स्वतः सांगितले आहे. पण हे नाव मला अपुरे वाटते. राजपुत्राला आधी हवी आहे ती माया, आणि जो मोकळेपणा त्याला कधी मिळणार नाही तो समोर पंख पसरून उभा आहे. ही भूक कुठल्याही प्रेक्षकाला कळते.

काळ्या पँटमधला अनोळखी

तिसऱ्या अंकात ओडीलच्या जागी येतो एक अनोळखी पुरुष. काळी चामड्याची पँट, हातात घोडेस्वाराचा छोटा चाबूक. तोच नर्तक, जसा ओडेट-ओडीलला एकच नर्तिका. फरक मोठा आहे. जुन्या गोष्टीत रूप सारखे असल्याने राजपुत्र फसतो. इथे त्याला कुणीच फसवत नाही. त्यालाच त्या माणसात आपला हंस दिसतो.

जुन्या बॅलेत या अंकातले स्पॅनिश, हंगेरियन, नेपल्सचे नाच म्हणजे पाहुण्यांची करमणूक. गोष्ट थांबलेली असते. बोर्नने तेच नाच कामाला लावले. प्रत्येक नाचात हा अनोळखी एकेका राजकन्येला आपल्याकडे ओढतो, शेवटी राणीलाही. राजपुत्र बघत राहतो आणि कोसळत जातो.

ओडीलच्या प्रसिद्ध ३२ गिरक्यांची, फुएत्तेंची, इथे वाट पाहू नये. १८९५च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानीने त्या घातल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक मोजत बसतात. एका पायाच्या टोकावर उभे राहून दुसरा पाय हवेत फटक्यासारखा फिरवत त्याच जागी ३२ वेळा फिरायचे. कथकच्या चक्करांसारखीच इथे मान सगळ्यात शेवटी वळते आणि नजर एका बिंदूवर परत येते. बिघडते ते बहुधा असे, की उभा पाय दर गिरकीला बोटभर सरकतो आणि शेवटी नर्तिका रंगमंचाच्या कडेशी पोचते. बोर्नने ही कसरत सोडली. धोका त्याने पावलांतून काढून नजरेत ठेवला.

या अंकाच्या शेवटी पिस्तूल निघते, झटापट होते आणि मरते ती मैत्रीण. हा प्रसंग मला कच्चा वाटतो. कोण कुणावर नेम धरतो हे पहिल्या खेपेला कळतच नाही, आणि मैत्रिणीची भूमिकाही आधीच हसण्यापुरती ठेवल्याने तिचे मरण लागायला हवे तितके लागत नाही. दुसरी खंत याहून मोठी : बॅलेतली स्त्रीसाठी लिहिलेली सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर दुहेरी भूमिका या रचनेत पुरुषाकडे गेली. त्या बदल्यात राणीची भूमिका मिळाली. ती भक्कम आहे, पण भरपाई नाही.

कोणते आधी पाहावे

आधी पारंपरिक, निदान दुसरा अंक. नाहीतर बोर्नने काय उलटे केले ते दिसणार नाही. पारंपरिक प्रयोग बाल्कनीतून चांगला दिसतो, कारण हंसांच्या रांगा आणि तिरके पट्टे वरून उलगडतात. बोर्नचा प्रयोग जवळून पाहावा. त्याचे नर्तक मूकनाट्याच्या ठरीव खुणा करत नाहीत, चेहऱ्याने आणि पाठीने बोलतात. कूपर आणि ॲम्बलर यांचे १९९६चे चित्रीकरण उपलब्ध आहे, २०१९च्या संचाचेही. बॅले शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगणाऱ्या ‘बिली इलियट’ या चित्रपटाच्या शेवटी उडी घेणारा मोठा बिली म्हणजे या हंसाच्या वेशातला कूपरच. आणि २०१९च्या चित्रीकरणातला राजपुत्र, लिअम मोअर, लहानपणी त्याच गोष्टीच्या संगीत नाटकात बिली झाला होता.

बोर्न या वाटेवर एकटा नव्हता. स्वीडनच्या माट्स एकने १९८७मध्येच टकले, अनवाणी हंस आणले होते. त्यांत स्त्रिया होत्या आणि पुरुषही. प्रताप पवारांकडे कथक शिकलेल्या अक्रम खानने २०१६मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी ‘जिझेल’ हे जुने बॅले नव्याने रचताना गावच्या मुलींना स्थलांतरित कापडकामगार केले. पण लंडनच्या वेस्ट एंडवर आणि १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकासारखे आठवड्याला आठ प्रयोग करत चालले ते बोर्नचेच, आणि १९९९मध्ये त्याला अमेरिकी रंगभूमीचे तीन टोनी पुरस्कार मिळाले. इतके प्रयोग एकाच हंसाच्या पायांना झेपत नाहीत, म्हणून मुख्य भूमिकांना आळीपाळीने करणारे नर्तक असतात. त्या दिवशी कोण नाचणार आहे ते पाहून घ्यावे. हंस बदलला की राजपुत्रही वेगळा भासतो.

शेवटचा अंक राजपुत्राच्या पलंगाभोवती घडतो. डॉक्टर येतात, परिचारिका येतात, त्यांच्या तोंडावर राणीच्या चेहऱ्याचे मुखवटे. ते गेल्यावर पलंगाखालून एकेक हंस सरपटत बाहेर पडतो, मग पलंगातूनच तो हंस. कळप त्याच्यावरच उलटतो, कारण तो माणसाचा झाला आहे. दोघे मरतात. आणि इथे प्रत्येक नृत्यदिग्दर्शकाची अडचण सुरू होते, कारण चायकोव्हस्कीने बी मायनरची तीच उदास धून शेवटी बी मेजर या उजळ स्वरसप्तकात नेली आहे, पितळी वाद्यांच्या पूर्ण गजरात. माणसे मेली आणि संगीत मात्र जिंकल्यासारखे वाजते आहे. १८९५मध्ये प्रेमिकांचे आत्मे एकत्र जाताना दाखवले. सोव्हिएत काळात गोष्टच बदलून रॉथबार्टला हरवले. बोर्नच्या रंगमंचावर राणी धावत येते आणि मेलेल्या मुलाला पहिल्यांदा मिठी मारते. त्याच वेळी पलंगावरच्या उंच खिडकीत हंस उभा असतो, आणि त्याच्या हातांत असतो लहानपणीचा राजपुत्र.